वहीची मागची पानं

जंगलाच्या फाटकावर एक रजिस्टर असतं. नाव, गाव, आत जायची वेळ, बाहेर यायची वेळ, येण्याचं कारण असे त्यात रकाने आखलेले आहेत. दरवर्षी चैत्रात आम्ही एकदा इथे येतो आणि दरवर्षी 'गाव' या रकान्यापाशी माझा पेन अडतो. जिथे निघालो ते लिहायचं की जिथून आलो ते? यंदाचा वनरक्षक नवा होता. माझा पेन थांबलेला पाहून समजुतीनं म्हणाला, "मॅडम, आतमंधी आता गाव नाई आहे. नवीन पत्ता टाका." मी टाकला. राग आला होता, पण त्याच्यावर काढण्यात अर्थ नव्हता. मराठी शिकवून पोट भरणाऱ्या बाईला एक रकाना भरता येत नाही, यात त्याचा काय दोष?

माझ्यामागे माय उभी होती. हातात स्टीलचा डबा, डब्यात रोडगे आणि वांग्याची भाजी. पूर्वी हे रोडगे आम्ही मातामायच्या ओट्यापाशीच भाजायचो. गोवऱ्यांचा जाळ बसला की कणकेचे गोळे त्यात टाकायचे, राख झटकून फोडायचे, वर तूप. त्या धुराचा वास दोन दिवस केसांतून जायचा नाही. आता उन्हाळ्याचं जंगल, जाळ करायला बंदी. आगपेट्या फाटकावरच्या टोपलीत काढून ठेवतात. अगरबत्ती आत न्यायची परवानगी आहे, पेटवायची नाही. म्हणून कितीतरी वर्षं आम्ही देवीपुढे न पेटवलेल्या अगरबत्त्या खोचून हात जोडतो. मातामायला त्यांचा वास पोचत असेल का, हे मला मायला विचारावंसं वाटतं. पण माय आणि मी असलं काही बोलत नव्हतो. कधीकाळी बोलायचो. का थांबलो, तेच सांगायला बसले आहे.

आत न्यायला जाळीची गाडी असते. लाकडी बाकांवर दाटीवाटीनं बसायचं, वाटेत खाली उतरायचं नाही, हात बाहेर काढायचा नाही. ज्या वाटेनं मी नववीपर्यंत दप्तर पाठीला लावून हिंगणीच्या शाळेत गेले, ती वाट आता जाळीच्या चौकोनांतून बघायची. मोहाचा वास मात्र जाळीला जुमानत नाही. झाडाखाली फुलांचा सडा पडलेला, वेचायला कुणी नाही, आणि तो गोड, थोडा आंबूस वास नाकात शिरला की गाडीतल्या सगळ्या बाया एकदम जाळीशी सरकतात. मग कुणीतरी म्हणतं, "हे आपलं वावर होतं." कुणी म्हणतं, "इथं विहीर होती न वं?" नव्या गावात जन्मलेली पोरं विचारतात, "वाघ दिसन का?" त्यांच्यासाठी ही सहल आहे. मी त्यांच्यावर खेकसत नाही, एवढं मात्र आता शिकले आहे.

आमचं गाव चाळीस-पन्नास घरांचं. उन्हाळ्यात मोहाचं, पावसाळ्यात चिखलाचं, हिवाळ्यात तुरीचं. फटफटायच्या आत बाया टोपल्या घेऊन मोहाखाली जायच्या. दुपारी पत्र्यावर फुलं वाळत पडायची आणि घरात, अंथरुणात, माझ्या पुस्तकांत तोच एक वास. पावसाळ्यात नाला भरला की शाळा बंद. तीन-तीन दिवस ना कुणी येणार, ना कुणी जाणार, आम्ही आणि पाण्याचा आवाज. हिवाळ्यात डुकरं पिकात शिरू नयेत म्हणून मचाणावरून डबे वाजवायचे. अजूनही कुठे पत्र्याचा डबा पडला की मला थंडी आठवते.

आणि बाराही महिने संध्याकाळ. दिवस कलला की ढोरं आत, शेळ्या आत, माणसं आत. पोरी परसाकडे निघाल्या तर पाच-सहा जणी मिळून, हातात काठी, तोंडानं मोठमोठ्यानं गप्पा. अंधार पडला की दाराला आडणा. बाहेर काय चाललंय ते कानांनी ओळखायचं. माकडं ओरडली की बाबा मान वर करायचे, हरणांनी कोल्हाळ केला की माय म्हणायची, "निंगाला पाहाय लेकाचा." वाघाचं नाव घ्यायची पद्धत नव्हती.

त्या कोंडलेल्या वेळात माय बोलायची. चुलीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून. ओल्या लाकडांना शिव्या द्यायची, स्वतःच्या सासूची नक्कल करायची, माहेरची नदी सांगायची, बाबांनी लग्नात घातलेला आखूड पायजमा सांगून एकटीच हसायची. एका दमात रडून घ्यायची आणि त्याच दमात, "मीठ दे व इकडं," म्हणायची. मी कोपऱ्यात वही मांडीवर घेऊन बसलेली असायचे. ती मला सांगत होती की चुलीला, हे तेव्हा कधी कळलं नाही. कुणी ऐकून घेतंय याची तिला खात्री होती, एवढंच.

थूल सर आम्हाला मराठी शिकवायचे. बुटके, खिशाला दोन पेन, आवाज वर्गाच्या पत्र्याला धडकणारा. शनिवारच्या सकाळच्या शाळेत शेवटचे दोन तास त्यांनी 'बाजू'ला दिले होते. फळ्यावर विषय लिहायचा, खडूच्या रिकाम्या डब्यात चिठ्ठ्या, प्रत्येकानं एक उचलायची. 'हो' आली तर होची बाजू, 'नाही' आली तर नाहीची. वहीच्या पुढच्या पानांवर आलेली बाजू लिहायची. मग वही उलटी करून मागच्या पानापासून दुसरी बाजू. दोन्ही झाल्याशिवाय सर वहीला हात लावत नसत. परीक्षा असाव्यात की नसाव्यात, गणवेश हवा की नको, असले विषय. आम्ही दोन्हीकडून सारख्याच थंडपणे लिहायचो आणि सर सारख्याच थंडपणे सह्या करायचे.

त्या वर्षी सगळ्या भागात एकच बोलणं चालू होतं. जंगलातली गावं उठणार. चहाच्या टपरीवर तेच, एसटीत तेच, लग्नाच्या पंगतीत तेच. एका शनिवारी सरांनी फळ्यावर लिहिलं, 'जंगलातली गावं उठवावीत का?' आमच्यातली कितीतरी पोरं जंगलातल्या गावांतली, काही वनखात्यात नोकरी करणाऱ्यांची. सरांना हे माहीत नव्हतं असं नाही. हात झटकत ते म्हणाले, "ज्यावर घरात भांडण होते त्यावर नीट लिहिता आलं पाहिजे. नाहीतर गायीवर दहा ओळी लिहा जन्मभर."

मला 'हो' आली. शेजारी सुषमा बसायची, वनरक्षकाची मुलगी. तिला 'नाही' आली. आम्ही एकमेकींकडे बघितलं आणि बाकाखालून चिठ्ठ्या बदलायला लागलो. सरांनी पकडलं.

"अदलाबदल चालणार नाही."

"सर, ते माझं गाव आहे जी," मी म्हणाले.

"म्हणूनच. आपल्या बाजूनं तू लिहिणार नाहीस, ओरडशील. अन् ओरडणाऱ्याचं बरोबर असलं तरी समोरचा कानावर हात ठेवते. दुसऱ्याची बाजू लिहून पाहा. तुझी बाजू कुठी जात नाही, ती मागून लिहायचीच आहे."

पहिल्यांदा लिहिलं ते वर्तमानपत्रातून जमवलेलं होतं. पर्यावरण, शिक्षण, आरोग्य, रस्ते, सगळे मुद्दे रांगेत उभे. या वेळी मागची बाजू व्हायची वाट न बघताच सरांनी खाली लाल शाईनं लिहिलं, 'यात तू कुठेच नाहीस. यात ऊब नाही.' ते मला फार लागलं. मी निबंधात पहिली यायचे, त्याचा मला माज होता. मला उबेशिवायचं लिहिणारी म्हणतात म्हणजे काय?

त्याच आठवड्यात आमची कालवड वाघानं नेली. दिवसाढवळ्या, नाल्याच्या काठाला. तिला मायनं हातानं दूध पाजून वाढवलं होतं. संध्याकाळी चूल पेटेना, लाकडं ओली, घरभर धूर. माय फुंकणीनं फुंकत होती आणि मध्येच फुंकणी आपटून बोलायला लागली.

"हे काय गाव आहे? तो लेकाचा मोकळा हिंडून राह्यला अन् आपण दार लावून बसलो. दिवस बुडाला की कोंडवाडा. लगन करून इथं आली तवापासून मी संध्याकाळचं आभाळ धड पाह्यलं नाई. सुटलं एकदाचं हे गाव, तं बरं होईन."

हे वाक्य मी इथे लिहिते आहे, कारण ते आता तिचं एकटीचं राहिलेलं नाही. तेव्हा ते फक्त आमच्या दोघींचं आणि धुराचं होतं. मला अजून आठवतं, ते कानावर पडल्याबरोबर माझ्या हाताला मुंग्या आल्या. मी लगेच वहीत उतरवलं. माय नाक पुसत पुन्हा चूल फुंकायला लागली. अर्ध्या तासानं भाकर थापता थापता, तिचा तो नेहमीचा आवाज परत आल्यावर म्हणाली, "यंदा पाणी पडलं की घरामागं एक जांभूळ लावू. तुह्या लेकरायले होईन." मी ते ऐकलं आणि लिहिलं नाही.

त्या एका बैठकीत मी सगळा निबंध नव्यानं लिहिला. गाव वर्षानुवर्षं ज्या भीतीत जगत होतं ती सगळी मी कागदावर ओतली. परसाकडे जाताना मोठ्यानं बोलणाऱ्या पोरी, दाराचा आडणा, भरलेला नाला, कालवड, आणि शेवटी मायचं वाक्य, जसंच्या तसं. लिहिता लिहिता मी रडले. आणि खरं सांगते, त्या तासाभरात मला मनापासून वाटायला लागलं की हे गाव सुटायलाच हवं. चिठ्ठीतली बाजू माझी झाली. पण माझा एक कोपरा अगदी शांत होता आणि त्या कोपऱ्याला माहीत होतं की हे शेवटचं वाक्य वाचणाऱ्याला सोडणार नाही. मला लाज वाटते ती त्या शांत कोपऱ्याची.

सरांनी वही वाचली. मग म्हणाले, "वर्ध्याला स्पर्धा आहे, पाठवतो." घाईघाईत मागची पानं लिहायची राहिली. सरही विसरले. मी विसरले नव्हते, पण आठवणही करून दिली नाही.

वर्ध्याच्या त्या सभागृहात निबंध वाचून दाखवायचा होता. पंखे गरगरत होते, खुर्च्या करकरत होत्या. मायच्या वाक्याच्या आधी मी मुद्दाम थांबले. थांबायला मला कुणी शिकवलं नव्हतं. वाक्य संपलं तेव्हा खुर्च्यांचा आवाज बंद झाला होता. पुढच्या रांगेतल्या एका बाईनं पदर डोळ्यांना लावला. इतकी माणसं माझ्या एका वाक्यानं गप्प होतात, याची मला अशी काही झिंग चढली की परतीच्या एसटीत मी खिडकीच्या काचेत स्वतःकडेच बघत होते. पहिलं बक्षीस म्हणून शब्दकोश मिळाला. पुढे बक्षीस मिळवलेल्या निबंधांची एक पातळ पुस्तिका छापून आली. तिच्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं की बाजू चिठ्ठ्या टाकून ठरल्या होत्या.

मायनं पुस्तिका हातात घेऊन माझ्या नावावरून बोट फिरवलं. तिला जोडाक्षरं जड जायची. "वाचून दाखव न," म्हणाली. उद्या दाखवते म्हणाले. दोन दिवसांनी पुन्हा म्हणाली. मला गृहपाठ होता. तिसऱ्यांदा ती म्हणाली नाही.

ग्रामसभा गावातल्या प्राथमिक शाळेच्या ओसरीसमोर, कडुलिंबाखाली भरली. वनखात्याचा साहेब भला माणूस होता, हे मला आजही म्हणावं लागतं. खुर्ची दिली तरी सतरंजीवर बसला, सगळ्यांचं ऐकून घेतलं. आमच्या गावची माणसं तावातावानं बोलली, उठणार नाही म्हणाली, ओरडलीच म्हणा ना. मग साहेबानं पिशवीतून ती पुस्तिका काढली. ती त्याच्याकडे कशी पोचली, हे मी कधी विचारलं नाही. "तुमच्याच गावची लेक काय लिहिते ते ऐका," म्हणाला, आणि वाचायला लागला. छान वाचत होता.

माय बायांत पुढे बसली होती. मांडीवर तुरीच्या शेंगा, बोलणं ऐकता ऐकता सोलायचं चाललं होतं. सुरुवातीला तिच्या चेहऱ्यावर कौतुक होतं, लेकीचं नाव आलं म्हणून. परसाकडचा मजकूर आला तेव्हा तिनं जरा खाली पाहिलं. कालवड आली तेव्हा तिचा हात मंदावला. मग तिचंच वाक्य, तिच्याच बोलीत, साहेबाच्या तोंडून आलं. हात थांबला. बायांच्या माना वळल्या. शेजारच्या म्हातारीनं विचारलं, "असं म्हटलं व तू?"

मायला नाही म्हणता आलं असतं. पोरीनं मनचं लिहिलं, म्हणता आलं असतं. ती म्हणाली, "हो. माहेच बोल आहे."

बाबा उठून निघून गेले. पुढे सभेत काय ठरलं, कुणी सह्या केल्या, कुणी नाही, हे गावातला कुणीही माझ्यापेक्षा चांगलं सांगेल. माझ्या निबंधामुळे गाव उठलं असं मी म्हणत नाही, एवढी मी मोठी नव्हते. मला फक्त मायच्या मांडीवरून घरंगळलेल्या तुरीच्या शेंगा दिसतात, आणि त्या वेचायला कुणीच वाकलं नाही ते.

घरी तिनं मला बोल लावला नाही. दोन थपडा दिल्या असत्या तर मी मोकळी झाले असते. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी वही घेऊन नेहमीच्या कोपऱ्यात जाऊन बसले. तिनं दिवा उचलून माझ्याजवळ ठेवला. "घे, कर अभ्यास," म्हणाली आणि चुलीकडे वळली. भाकरी झाल्या, भाजी झाली, लाकडं ओलीच होती, पण ती एक शब्द बोलली नाही. मी वही मिटून ठेवली. तरी बोलली नाही. आडणा लावलेल्या त्या घरात लाकडाच्या तडतडण्याशिवाय आवाज नव्हता आणि मला कुठे जायलाही जागा नव्हती. तेव्हापासून, जेवली का, पोचली का, येजो, एवढंच आमचं बोलणं. माझ्या लग्नात, बाळंतपणात, बाबा गेले तेव्हासुद्धा एवढंच.

गाव उठलं तेव्हा लोकांनी दारं, पत्रे, छपराचे लाकडी फाटे काढून ट्रकमध्ये भरले. मायनं बियाण्याच्या गाठोड्या घेतल्या आणि पाटा-वरवंटा. त्याच्या आदल्या पावसाळ्यात तिनं घरामागे जांभळाचं रोप लावलंच होतं. कमरेएवढं झालेलं. ते तिनं उपटलं नाही.

नवं गाव सडकेला लागून आहे. सरळ गल्ल्या, घरांवर नंबर. दवाखाना जवळ, एसटी दारात थांबते, पोरी अंधार पडल्यावर शिकवणीहून एकट्या येतात. माझ्या निबंधातले सगळे मुद्दे खरे निघाले. खोटे निघाले असते तर मी स्वतःला लबाड म्हणून मोकळी झाले असते. खरेपणातून सुटायला वाट सापडत नाही. त्या निबंधानं मला कॉलेजात ओळख दिली, पुढे नोकरीच्या मुलाखतीतही त्याच्याबद्दल विचारलं गेलं. ती वही मी जपून ठेवली आहे. कितीदा तरी उलटी करून मागून लिहायला बसले. दोन ओळी लिहिते आणि सरांचं म्हणणं खरं ठरतं. एकतर मी ओरडते, नाहीतर वर्तमानपत्र होते. ऊब येत नाही. ऊब जिथून यायची ती जागा मी स्वतःच बंद करून बसले होते.

आता मी हिंगणघाटला अकरावी-बारावीला मराठी शिकवते. मी चिठ्ठ्या टाकत नाही. मागच्या महिन्यात वक्तृत्वाच्या तयारीत पायल नावाची मुलगी माझ्याकडे आली. बोलते छान, डोळ्यांत चमक. "मॅडम, शेवटी माझ्या आजीचं बोलणं टाकू का? सगळे रडतील."

"आजीला विचारलंस का?"

ती हसली. "तिले काय विचारायचं मॅडम? घरचीच तं आहे."

मला तिला खूप काही सांगायचं होतं. मी फक्त तिच्या कागदातलं शुद्धलेखन सुधारून दिलं. कागद घेऊन ती निघून गेली. स्पर्धेत तिचा पहिला नंबर आला.

हे सगळं डोक्यात घेऊन मी यंदा गाडीत बसले होते. ओट्यापाशी गाडी थांबली. शेंदूर, नारळ, थंड रोडगे, न पेटलेल्या अगरबत्त्या. सगळं आटोपल्यावर माय वनरक्षकाजवळ गेली. "घराच्या जागी जाऊन येऊ का बाप्पा? दोनच मिनिटं." त्यानं इकडेतिकडे पाहिलं, काठी घेतली आणि आमच्यापुढे चालायला लागला.

घराचा नुसता उंचवटा राहिला आहे. गवतात चुलीच्या जागेचा दगड पायाला लागला. मागे जांभूळ. मान वर करून बघावं लागलं एवढं. बारीक मोहर धरला होता, मधमाश्या घोंगावत होत्या. मायनं खोडाला हात लावला. वनरक्षक पाठ करून उभा राहिला, आणि मी इतक्या वर्षांत न बोललेलं बोलून टाकलं.

"माय, ती बाजू मी घेतली नव्हती वं. चिठ्ठी निंगाली होती."

ती खोडावरून हात फिरवत राहिली. "चिठ्ठी तुही होती. बोलणं माहं होतं."

मी पायाजवळचं गवत बाजूला सारलं.

"खोटं नोतं लिहिलं तू. म्हटलं होतं मी तसं. पण मी तुले म्हटलं होतं, साहेबाले नाई." मग माझ्याकडे वळून, डोळ्यांत बघून, "अन् या जांभळाचं काऊन नाई लिहिलं? त्याच दिवशी तं म्हटलं होतं."

म्हणजे तिला ते आठवत होतं. एवढी वर्षं दोघी एकाच संध्याकाळपाशी अडकून बसलो होतो. तिच्याशी आता तरी हातचं राखून बोलायचं नाही, असं मी ठरवलं.

"जांभूळ टाकलं असतं तं निबंध कच्चा झाला असता," मी म्हणाले.

"हं," ती म्हणाली. रागानं नाही. भाजीत मीठ कमी पडलं आहे हे कळल्यावर म्हणावं तसं. आमच्याकडे मायलेकी एकमेकींची माफी मागत नाहीत. मी तिच्या हातातला डबा घेतला आणि आम्ही गाडीकडे चालू लागलो.

परतताना ती जाळीला लागून बसली, मी शेजारी. ऊन उतरलं होतं, चौकोन चौकोन तिच्या चेहऱ्यावरून सरकत होते. थोडं पुढे आल्यावर तिनं माझ्या हातांकडे पाहिलं.

"वही आणली का?"

"नाई."

"अन् फोन?"

मी फोन काढून बंद केला आणि पिशवीत तळाशी टाकला. तिनं तोंड जाळीकडे केलं, पाठ माझ्याकडे, जशी चुलीपुढे बसायची तशी. आणि बोलायला लागली. फाटक येईपर्यंत बोलत होती. गावाबद्दल बोलली, बाबांबद्दल बोलली, नव्या गावातल्या आभाळाबद्दलही बोलली. मध्ये एकदा हसली. आगपेटी परत घ्यायची ती विसरली, मला उतरून आणावी लागली.

नव्या गावातल्या मायच्या घरी आल्यावर मी कपाटातून माझी जुनी वही काढली. उलटी करून मागून उघडली. पानं पिवळी पडली आहेत, पण रेघा अजून स्पष्ट दिसतात. मायचा शब्द न् शब्द माझ्या कानात होता. गावाची बाजू, जी मला कधीच लिहिता आली नाही, ती सगळीच्या सगळी आज एका दुपारी मला मिळाली होती, आणि तिच्यात एवढी ऊब होती की थूल सरांनी लाल पेन खाली ठेवला असता. हाताला त्याच जुन्या मुंग्या आल्या. पेनाचं टोपण मी काढलेलं होतं.

आतून भाकर थापल्याचा आवाज येत होता. मग मायचा.

"काय करून राह्यली व तिथं एकटी? इकडं ये, बस. सांगायचं राह्यलंच एक."

मी पेनाला टोपण लावलं, कोरी पानं मिटली आणि तिच्याजवळ जाऊन बसले.